मांगराचा कौल

मांगर म्हणजे काय, हे मुंबईतल्या शेजाऱ्यांना सांगताना माझी दरवेळी पंचाईत होते. घर म्हणावे तर तेवढे नाही. झोपडी म्हटले की बाबांना राग येतो. फार्महाउस म्हणायची मलाच लाज वाटते. आमच्या मालवण तालुक्यात मांगर म्हणजे मूळ घरापासून दोन हाकांवर, बागेच्या नाहीतर मळ्याच्या कडेला उभारलेला आडोसा. गवत, गुरे, नांगर, नारळाची सोडणे, जे जे घरात मावत नाही ते तिथे जायचे. न मावणाऱ्यांत कधीकधी माणसेही असायची. आजीशी बिनसले की आजोबा घोंगडी घेऊन मांगरात निजायला जात. मोहोराच्या दिवसांत तर राखणीच्या नावाखाली ते बिनसायचीही वाट बघत नसत.

त्या मांगराच्या भिंती मातीच्या होत्या. एका पावसाळ्यात त्यांनी परस्पर मातीत जायचे ठरवले. उरलेल्या जोत्यावर आम्ही आता दोन खोल्या आणि एक पडवी बांधतो आहोत. 'बांधतो आहोत' हा अपूर्ण वर्तमानकाळ गेली पाच वर्षे चालू आहे.

मूळ घरच का दुरुस्त करत नाही, असे विचारणारा माणूस कोकणातला नसतो. मूळ घर सामायिक. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एकतीस नावे आहेत आणि त्यांतली काही माणसे आता फक्त सातबाऱ्यावरच हयात आहेत. खिडकीला नवी कडी लावायची तरी डोंबिवलीपासून दुबईपर्यंत फोन करावे लागतात. मांगराची जागा मात्र आजोबांच्या एकट्याच्या वाटणीला आली. बहुधा ती दुसऱ्या कोणाला नको होती.

या बांधकामाचा अधिकृत इतिहास बाबांच्या वहीत आहे. त्यात खर्चापेक्षा कारणांचा रकाना मोठा. 'चिरे आले, गवंडी नाही.' 'गवंडी आला, वाळू नाही.' 'वाळू आली, पाऊस आला.' 'पाऊस गेला, गणपती आले.' पुढच्या एका पानावर नुसतेच 'शिमगा' लिहिलेले आहे. ते सणाचे नाव की बाबांच्या तेव्हाच्या मनःस्थितीचे, हे विचारायची हिंमत कोणी केलेली नाही.

यंदा डिसेंबरात आम्ही सहा जण बघायला गेलो. बाबा, आई, डोंबिवलीचे काका, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा आम्ही कसे दिसत असू याची कल्पना रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरून आली. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता. आमच्यातल्या दोघांना माकडटोप्या, एकाला मफलर, आईला शालीवर शाल. त्याने सामान आत टाकता टाकता काळजीने विचारले, "काय ओ, सगळ्यांकच ताप इलो काय?"

मालवणच्या बाजूची थंडी ही मुळात अफवाच असते. पहाटे 18-19 अंश झाले की गावात शेकोटी पेटते आणि ऊन आले की घाम पुसायला टोपी कामाला येते. पण ती पहाट मात्र खरी. माडांच्या झावळ्यांवरून दव टपटपत असते, कापलेल्या मळ्यांवर पांढरा पदर असतो, आणि आंब्याला मोहोर धरला की नाही यावर माणसांचे चेहरे ठरतात. सकाळी मळब दिसले की सारी वाडी गप्प. ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे पडतात. त्यामुळे आम्ही ज्याला छान गार हवा म्हणत होतो, तिला चुलतवहिनी शिव्या घालत होती. तिने आम्हाला मूळ घराच्या पायरीवरच अडवले. "घावणे खावा आदी, मगे बगा तुमचो मांगर. तो खय पळान जायत नाय."

खरेच गेला नव्हता. होता तिथेच, होता तसाच. चिऱ्याच्या भिंती डोक्याच्या वर हातभर गेलेल्या. दारांच्या जागी दाराएवढी भगदाडे. आत चाळणीसारखे ऊन. छप्पर नाही.

अर्धवट घरात माणसे कशी वागतात, हे जवळून पाहण्यासारखे असते. आईने उंबरठा नसलेल्या उंबरठ्याशी चपला काढल्या आणि खडी-वाळूवरून अनवाणी आत गेली. मी चपलांसह गेलो म्हणून ओरडाही खाल्ला. बायकोने ओढणीने ओट्याची लांबी मापली आणि फ्रिज मावत नाही म्हणून एक भिंत जागच्या जागी सरकवली. तोंडानेच, पण भिंत सरकली. काका एका चौकोनात उभे राहून म्हणाले, "ही खोली लहान वाटते." तो संडास होता. मुलगी खिडकीच्या भोकात पाय वर घेऊन बसली. बाबा चिऱ्यांच्या ढिगावर वही उघडून बसले आणि आल्या आल्या पहिली नोंद केली: 'प्रगती पाहिली.'

हे चिरे म्हणजे आमच्याकडचा जांभा. खाणीतून निघतो तेव्हा ओला, मऊ असतो. पूर्वी तो हाताने तासून काढत, आता यंत्राने कापतात. मग त्याला हवा-ऊन लागले की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर 1800-01 मध्ये दक्षिणेत हिंडताना मलबारात हा दगड विटांसारखा कापताना बघून चकित झाला, आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने त्याला लॅटेराइट हे नाव दिले. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. मुलीने हे वाचून दाखवल्यापासून बाबांना मोठाच आधार मिळाला आहे. त्यांच्या मते भिंती पाच वर्षे उघड्या पडल्या त्या वाया गेल्या नाहीत, त्या पिकत आहेत. काकांचे म्हणणे, पक्का होतो आहे तो फक्त मेस्त्री.

याच जांभ्याच्या सड्यावर, आमच्याच तालुक्यातल्या कुडोपीला, फार फार पूर्वीच्या माणसांनी चित्रे कोरून ठेवली आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर ती 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. भिंती नाहीत, छप्पर नाही, थेट सजावट. माझ्या बायकोने मांगरासाठी पडदे दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवले आहेत, तेव्हा आमच्याकडे ही परंपरा चांगली रुजलेली दिसते.

खरा वाद छपराचा. काकांना स्लॅब हवी. स्लॅबवर टाकी बसते, पापड वाळतात, माकडे नाचली तरी फुटत नाही. बाबांना कौले हवीत. का, तर आपल्याकडे परंपरेने कौलेच. कौलांखालची हवा वेगळी, पावसाचा आवाज वेगळा, आणि स्लॅबच्या घरात राहायचे तर मुंबई काय वाईट आहे? या मुद्द्यावर दोघे भाऊ दादर स्टेशनपासून भांडत होते. कणकवली आल्यावर पाणी प्यायला थांबले, तेवढेच.

मांगराच्या मागे जुनी मंगलोरी कौले रचून ठेवलेली आहेत, पडलेल्या छपरातली. मुलीने त्यातले एक उलटे केले. पोटाशी कारखान्याचे नाव, इंग्रजी अक्षरांत. मग तिने फोनवर शोधून सांगितले की मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये बासेल मिशनने काढला. मिशन स्वित्झर्लंडचे, आणि जो प्लेब्स्ट नावाचा माणूस त्यामागे होता तो जर्मन. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर केलेले अर्धगोल नळे असत. आजही गावात कौलांना कोणी कौले म्हणत नाही, नळेच म्हणतात. म्हणजे परंपरा शब्दातच तेवढी उरली आहे, छप्पर केव्हाच बदलले.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. आपल्या परंपरेत जर्मन निघावा, हे त्या वयात सोपे नसते. मग ते कौल हातात घेऊन बोटाने वाजवत म्हणाले, "जर्मन तर जर्मन. गळत नाही ना?"

आता मेस्त्रीबद्दल. आमच्याकडे सुतारालाही मेस्त्रीच म्हणतात. या माणसाचा हात सोन्याचा आहे, पण हात सापडत नाही. गवंडी रोज येतो. तो झारखंडचा, वीस-बावीस वर्षांचा, आणि इतके अस्सल मालवणी बोलतो की माझे मालवणी त्याला मुंबईचे वाटते. पण छपराचे लाकूड मेस्त्रीकडे. फणसाचे वासे दोन वर्षांपासून त्याच्या पडवीत वाळताहेत. ते आता इतके वाळले आहेत की त्यांना निवृत्तिवेतन सुरू करावे. फोन केला की एकच उत्तर: "फाल्या येतंय." फाल्या म्हणजे उद्या, हे शाळकरी भाषांतर झाले. व्यवहारात फाल्या हा आजचा दिवस सोडून उरलेल्या सगळ्या काळाचा वाचक शब्द आहे.

थंडीत तर तो सापडणे अशक्यच. कारण मेस्त्री दशावतारात काम करतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नाटक मंडळ्या गावोगाव हिंडतात, रोज रात्री नवा गाव, नवे देऊळ. आधी गणपती, संकासुर, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. पेटी, मृदंग, झांज यांच्या आधारावर माणसे भरजरी संवाद जागच्या जागी रचतात. बायकांची कामेही पुरुषच करतात, आणि आमचा मेस्त्री ही कामे करतो. त्याची मिशी गायब झाली की समजायचे, आता वासे शिमग्यापर्यंत सुटले. 2025 मध्ये 'दशावतार' सिनेमा आल्यापासून तर पाहुण्यांना तो सुतार आहे हे सांगावे लागते.

गुरुवारी रात्री शेजारच्या गावात त्याचे नाटक होते. दार-खिडक्यांचे काय ते विचारावे म्हणून बाबा मुद्दाम गेले, आम्हीही गेलो. देवळामागे एक बल्ब, पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर आरसा. मेस्त्री हातभर बांगड्या घालून, नऊवारीचा पदर दातात धरून, काजळ भरत होता. सुतारकामातला हात, त्यामुळे रेघ एकदम सरळ. बाबांनी आरशातल्या त्याच्याकडे बघत विचारले, "मेस्त्री, चौकटींचा काय?" त्याने पदर सोडला, मान किंचित कलती केली आणि त्या पात्राच्याच आवाजात म्हणाला, "फाल्या."

पुढे दोन तास तो रंगमंचावर वनवासातली राणी होता. राजवाडा गेला, डोईवर छप्पर नाही, असे म्हणून तो असा काही रडला की आमच्या आईने डोळे पुसले. बाबांनीही पुसले, पण त्यांचे कारण वेगळे असावे.

दुसऱ्या रात्री बाबांनी मांगरात झोपायचे जाहीर केले. गवत पसरले, त्यावर सतरंज्या, वर चादरी. चांदणे नव्हते म्हणून तारे भरपूर होते. मुलगी मृग नक्षत्र दाखवत होती, काका घोरत होते, बायको विंचवांची चौकशी करत होती. रात्री दोनच्या सुमारास माझ्या कपाळावर टप्पकन काहीतरी पडले. मग नाकावर. शेजारच्या आंब्यावरून दव गळत होते. बिनछपराचे घर गळते, हा अनुभव किती जणांच्या वाट्याला येतो? तीन वाजता आम्ही ओल्या चादरी गुंडाळून मूळ घराच्या पडवीत आलो. काका म्हणाले, "स्लॅब असती तर ही वेळ आली नसती." बाबा म्हणाले, "कौले असती तर आली नसती." दोघेही बरोबर होते, आणि दोघांनाही त्याचे समाधान वाटले.

शुक्रवार हा काकांचा एकमेव दिवस होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी वहिनीकडे घट, शनिवारी आईचा मारुती, रविवारी देवळात नारळ ठेवायचा. चार दिवसांच्या कोकणमुक्कामात मासळीला एक वार मिळणे ही जी यातना आहे ती सहन न होऊन काका सकाळीच सगळ्यांना घेऊन मालवणच्या किनाऱ्यावर गेले. लिलाव संपत आला होता. बांगडे घेतले, तिसऱ्या घेतल्या, आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग. मुलीने विचारले, "हा बांधायला किती वर्षे लागली?"

या प्रश्नाची मला भीतीच होती. 1664 च्या नोव्हेंबरात काम सुरू झाले, 1667 मध्ये पुरे झाले. तीन वर्षेसुद्धा धड नाहीत. समुद्रातल्या खडकावर, भरती-ओहोटी सांभाळत, किनाऱ्यावरून दगड नेऊन. ज्या मोरयाच्या धोंड्यापाशी त्याची पूजा झाली असे सांगतात तो खडकही जवळच आहे, गणपती कोरलेला. मुलीने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि माझ्याकडे बघितले. आमच्या मांगराला लाटा लागत नाहीत.

बाबांकडे उत्तर तयार होते. "त्यांना मेस्त्री फाल्या सांगत नव्हता."

"आणि महाराजांचा सातबारा सामायिक नव्हता," मी म्हटले.

"पायात शिसे ओतले होते म्हणतात," काका बांगड्यांची पिशवी सावरत म्हणाले, "आपल्या पायात नुसते पैसे गेले."

या सगळ्याचे खरे कारण आतेने सांगितले. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण, कुडाळहून आम्हाला भेटायला आलेली. तिने मांगराला बाहेरूनच एक फेरी मारली आणि बाबांवर उखडली. "जागेवाल्याक नारळ ठेवलंस? देवाक इचारलंस? नाय ना? मगे कसा होतला रे काम!"

आमच्या भागात प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि त्याला वगळून कुदळ मारायची नसते. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फेऱ्या घालतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. बाबा एरवी याला हसतात. पण पाच वर्षांत मेस्त्रीच्या चपला आमच्या वाटेवर एकदाही झिजल्या नाहीत, हे बघता ज्याच्या झिजतात त्यालाच सांगावे, असे त्यांनाही वाटले असणार. रविवारी कौल लावायचा ठरले.

कौल हा शब्द इथे दोन्हीकडून अडवतो. एक छपरावरचा, एक देवाचा. देवाच्या पाषाणावर उजवीकडे-डावीकडे कळे चिकटवतात, प्रश्न घालतात आणि वाट बघतात. उजवा पडला तर होकार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी, हेसुद्धा पंचांग बघून नव्हे, तर देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग मुंबईभर तिकिटांची पळापळ होते. मोठमोठ्यांची रजा ज्यावर अवलंबून, त्यावर आमचे दोनखणी छप्पर अवलंबून राहिले तर बिघडले कुठे?

देवळात आम्ही, आते, वहिनी, गवंडी, आणि काय आश्चर्य, मेस्त्रीसुद्धा. शनिवारी रात्रभर नाटक करून सरळ आलेला. डोळ्यांत काजळ तसेच. गावातल्या एका म्हाताऱ्यांनी गाऱ्हाणे घातले:

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान मांगर बांधूक घेतल्यान हा. पाच वर्सां झाली, वर नळो चढाक नाय. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल आणि शिमग्याच्या आदी तेच्या डोक्यार छप्पर येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज झारखंडचा.

गुरवाने कळे लावले आणि देऊळ गप्प झाले. बाहेर पोफळीची झावळ घसरल्याचा आवाज आला, तेवढाच. मी बाबांकडे बघितले. पोस्टात चाळीस वर्षे वेळेवर टपाल पोचवलेला माणूस एका कळीकडे टक लावून बसला होता. पाच मिनिटे. सात मिनिटे. मेस्त्रीला डुलकी लागली. आणि कोणाचे लक्ष नसताना उजवा कळा सुटला, पाषाणावरून ओघळला, खाली आला.

"कौल दिल्यान!" आते म्हणाली.

काय दिल्यान, यावर परतीच्या गाडीत बोलणे निघाले. कौले घालू का, असे बाबांनी मनात विचारले होते. त्याच वेळी काकांनी स्लॅबचे विचारले होते. आतेने मांगराचे काहीच विचारले नव्हते, तिने नातवाच्या लग्नाचे विचारले, तसा तिचा संध्याकाळी फोन आला. बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, की तिने न्हाणीघर आतच असावे का, एवढेच विचारले. सगळ्यांना उजवा मिळाला होता. देवाने एका कळ्यात इतकी कामे उरकली, आणि आमचा मेस्त्री अजून एका चौकटीवर आहे. देवळातून निघताना त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून मनापासून सांगितले होते, की आता कौल झाला, आता काळजी नाही. कधी, ते तो म्हणाला नाही, आणि बाबांनीही विचारले नाही.

राजापूर गेल्यावर बाबांनी चष्मा काढला, वही काढली, 'छप्पर' असे शीर्षक असलेले पाच वर्षे कोरे राहिलेले पान उघडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले:

नारळ – 3.
कौल – 1 (उजवा).